बैठका

माझे आजोबा सकाळी पाचशे बैठका मारायचे. मीही मारते, पण दिवसाला तीन-चार, आणि त्याही खुर्चीत बसून. तालमीतल्या बैठकीत माणूस खाली जातो आणि उठतो. आमच्या ऑफिसातल्या बैठकीत एकदा खाली गेलेला माणूस चहा आला तरी उठत नाही.

आजोबा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले, शाहू मिलमध्ये नोकरीला. पैलवान वगैरे नव्हते, पण त्या काळी पेठेतल्या माणसानं तालमीत न जाणं म्हणजे काहीतरी आजार असल्यासारखं. पहाटे पाचला तालीम, मग धारोष्ण दूध, मग मिलचा भोंगा. कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती कशी मऊ राखायची, हे ते इतकं निगुतीनं सांगायचे की आजीला वाटावं, एवढं लक्ष कधी स्वयंपाकघरात दिलं असतं तर. मला ते सगळं ऐकूनच माहीत. पोरींना तालमीच्या उंबऱ्याच्या आत मज्जाव. दारातून वास तेवढा घ्यायचा.

त्यांची नात आता शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात सकाळी दहाला खुर्चीला टेकते. फायली कॉम्प्युटरात गेल्या, त्यामुळं कपाटापर्यंत जायचं कारण संपलं. शेजारच्या टेबलावर निरोप द्यायचा तर तोही व्हॉट्सअ‍ॅपवर. दुपारच्या डब्याला सगळे खुर्च्याच सरकवत एकत्र येतो. चाकं असतात ना. संध्याकाळी सहाला उठताना गुडघे असा आवाज करतात की समोरच्यानं वळून बघावं. शनिवारी रंकाळ्यावर फिरायला जायचा नेम आहे. नेमात चालणं वीस मिनिटं आणि नंतर खासबागेकडं भेळ. खासबागेचं मैदान शाहू महाराजांनी कुस्तीसाठी बांधलं, १९१२ साली ते खुलं झालं. तिथं जाऊन आम्ही फक्त जबड्याचा व्यायाम करतो, हे महाराजांना कळलं तर काय वाटेल, हा विचार मी दुसरी प्लेट सांगताना करते.

तर गेल्या पावसाळ्यानंतर मुंबईच्या हेड ऑफिसातून मेल आला. कर्मचाऱ्यांचं आरोग्य, बैठ्या कामाचे धोके वगैरे. महिनाभर पावलं मोजायची स्पर्धा. प्रत्येक कायम कर्मचाऱ्याला मनगटाला बांधायचा एक काळा पट्टा, रोजचं उद्दिष्ट दहा हजार पावलं, पहिल्या नंबराला बक्षीस. बक्षीस काय, ते लिहिलं नव्हतं. आमच्या साहेबांनी बैठक घेऊन ते समजावलं. ती बैठक सव्वा तास चालली.

या दहा हजारांची मोठी गंमत आहे. लोकांना वाटतं डॉक्टरांनी कुठंतरी तपासून काढलेला आकडा असेल. टोकियो ऑलिंपिक १९६४ साली झालं आणि त्यानंतर जपानात चालण्याची टूम निघाली. १९६५ साली तिथल्या एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र काढलं. नाव ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. यंत्राचं नाव होतं ते, आणि सगळ्या जगानं त्याचा नियम केला. आपल्याकडं ‘चौसष्ट’ म्हणजे कला आणि ‘छत्तीस’ म्हणजे आकडा, तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेत पावलांचा हिशेबच नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं थोडा दम लागेल अशी हालचाल, दोन दिवस स्नायूंना ताण, आणि बसणं कमी, एवढंच. पण मिनिटांची स्पर्धा लावता येत नाही. आकडा मोठा दिसला पाहिजे.

स्पर्धा सुरू झाली आणि कोल्हापूरकर कामाला लागले. एक जण टेबलाखाली हात हलवत ठेवून ई-मेल वाचायला शिकला. एका मॅडमनी घरी पाळण्याच्या दोरीला पट्टा बांधला. नातू झोपला आणि सहा हजार झाले. सगळ्यात भारी आमचे वसुलीवाले. त्यांचा मुलगा पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळतो. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावानं असतात आणि त्यावरून घराघरात अबोला धरतात.) सरावाच्या दिवशी पट्टा मुलाच्या हातात. तक्त्यावर यांचा आकडा बावीस हजार! पण त्या दिवशी दुपारी चार ते सहा हे गृहस्थ आमच्यासमोर बैठकीत बसून डुलक्या काढत होते, आणि तक्त्यात वेळही दिसायची. साहेब म्हणाले, “काय राव, स्वप्नात पळत होता काय?” त्यांचं नाव बाद झालं. संघ मात्र सामना जिंकला.

माझा आकडा रोज तीन हजारांच्या आत. एकदा कंटाळून मी पट्टा काढला आणि आमच्या मामांच्या हातात बांधला. शिपाईमामा. साठीला टेकलेले, कंत्राटावर, म्हणून त्यांना पट्टा नव्हता. “असू दे की मॅडम, घड्याळ बरं दिसतंय,” म्हणाले आणि किटली घेऊन खाली गेले.

आमच्या जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत. लिफ्ट आहे, पण ती कधी अडकेल याचा नेम नाही आणि मग चहा गार होतो, म्हणून मामा जिन्यानंच. सकाळचा चहा, अकराचा चहा, पाहुण्यांचा चहा. झेरॉक्स खाली, कुरिअर खाली, बँकेची स्लिप स्टेशन रोडला, साहेबांच्या गाडीचं पार्किंग बदलायला पुन्हा खाली. साडेसहाला पट्टा परत घेतला तेव्हा त्यावर १४,३०० झाले होते. एका दिवसात माझे पाच दिवस.

मला त्या क्षणी लंडनच्या बसगाड्या आठवल्या. जेरेमी मॉरिस नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी लंडनच्या दुमजली बसच्या कामगारांची पाहणी केली, १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये ती छापून आली. एकच बस, एकच पगारदार वर्ग, सारखीच घरं; फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर वरखाली करून तिकिटं फाडणार. कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढायचे. हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त, कंडक्टरांना कमी. टपाल वाटणारे आणि टपाल खात्यातले कारकून यांच्यातही तसंच. मॉरिस साहेबांचं मला आवडतं ते पुढचं. त्यांना शंका आली की मुळात जाडीच माणसं ड्रायव्हर होत असतील तर? मग त्यांनी कामगारांच्या गणवेशांची मापं काढून बघितली. निघालं तसंच, ड्रायव्हरांच्या पँटची कंबर नोकरीला लागल्यापासूनच जास्त. म्हणजे प्रश्न पुन्हा थोडा उघडा राहिला. आपला सिद्धांत पँटच्या कमरेवर तपासणारा माणूस मला भरवशाचा वाटतो.

तर मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, “मामा, तुम्ही तर आमच्यात पहिले! तब्येत अशीच ठणठणीत राहणार बघा.”

मामा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून पोटऱ्या दाबत होते. पँट गुडघ्यापर्यंत वर घेतलेली. उजव्या पोटरीवर निळसर शिरा दोऱ्याच्या गुंड्यासारख्या उठलेल्या. “पैला नंबर ठेवा तुमच्याकडंच,” म्हणाले, “एक स्टूल मिळंल काय बघा. जुनं मोडून दोन वर्सं झाली.”

मग लक्षात आलं की जिन्यावर नसतात तेव्हा मामा साहेबांच्या दाराबाहेर उभे असतात. घंटा वाजेपर्यंत. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात, म्हणून तर पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. नुसतं उभं राहिलं की ते काम थांबतं, रक्त खालीच साचतं आणि शिरा फुगतात. आणि मामांची १४,३०० पावलं आणि माझं रंकाळ्यावरचं चालणं हे एकाच खात्यात जमा होत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांना मोठ्या पाहणीत हेच दिसलं. फावल्या वेळच्या व्यायामानं हृदयाचा धोका घटतो, कामावरच्या अंगमेहनतीनं उलट वाढलेला दिसतो. मी दमले की भेळ खायला थांबते. मामा दमले की घंटा वाजते.

त्यानंतर मला गावभर उभी माणसंच दिसायला लागली. राजारामपुरीत साडी घ्यायला गेले तर काउंटरमागची मुलगी सकाळपासून उभी. तिनं माझ्यासाठी स्टूल पुढं केलं, “बसा की ताई”. तिच्यामागं बसायला काही नव्हतंच. केरळात अशाच दुकानांतल्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये सरकारनं कायदा बदलला. तमिळनाडूनंही २०२१ मध्ये तसंच केलं. बसण्यासाठी भांडायचं! आमच्याकडं उठवण्यासाठी स्पर्धा लावाव्या लागतात.

स्टुलाचा अर्ज मी केला. उत्तर आलं की फर्निचरची मागणी वर्षाअखेरीस पाठवावी. मी लिहिलं, हा खर्च आरोग्याच्या मोहिमेत टाका. त्या मोहिमेतून पट्टे, टी-शर्ट आणि बॅनर एवढंच मंजूर आहे, असं कळलं. बॅनर आला. मामांनीच तो जिन्यात लावला, पायरीवर टाचा उंच करून. त्यावर एक गोरा तरुण पळतो आहे.

स्पर्धा पाळणावाल्या मॅडमनी जिंकली. बक्षीस निघालं पाण्याची बाटली.

आता चारचा चहा मी आणते. बेचाळीस पायऱ्या खाली, बेचाळीस वर. पहिल्या आठवड्यात निम्म्या जिन्यात धाप लागायची, किटली खाली ठेवून भिंतीला टेकायचे. तोवर मामा माझ्या खुर्चीत बसतात. पहिल्या दिवशी अगदी कडेला, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे. आता पाठ टेकतात. परवा साहेब केबिनमधून बाहेर आले, खुर्चीत मामा बघून घुटमळले, म्हणाले, “मॅडम कुठायत?”

“बैठका मारायला गेल्यात,” मामा बसल्या जागेवरून म्हणाले.