तार जोडायला दहा मिनिटं, मग दीड तास कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सिंहगड रोड असो, धायरी असो की कोथरूड, मी लाईनमन म्हणून विजेच्या खांबाखाली उभा राहिलो आणि गॅलरीतून हाक आली नाही असं फार क्वचित झालं. "दादा, तार तर समोर तुटलेली दिसतेय. दहा मिनिटांचं काम, दीड तास काय करताय?" आता लाईनवरून निवृत्त झालो, नव्या मुलांना काम शिकवतो, तरी लग्नाकार्यात कोणीतरी हेच विचारतं.

जोडणी दहा मिनिटांचीच असते, अगदी खरं आहे. बाकीचा वेळ जातो दोन गोष्टींत. लाईन बंद आहे याची खात्री करायची, आणि आपला माणूस वर असेपर्यंत ती चालू होणार नाही याची सोय करायची. ही दोन वेगळी कामं आहेत. नोकरीची पहिली दहा वर्षं मी पहिलं काम केलं की दुसरं आपोआप झालं असं धरून चालत होतो.

मग जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाची ती संध्याकाळ आली. गुलमोहराची फांदी पडून एलटीच्या, म्हणजे घरांना वीज देणाऱ्या कमी दाबाच्या लाईनच्या, तारा तुटल्या होत्या. डीपीवरचे, म्हणजे रोहित्राजवळच्या पेटीतले, तिन्ही किटकॅट (काढता येणारे फ्यूज) काढून मी खिशात घातले. खिशात किटकॅट म्हणजे लाईन आपल्या ताब्यात, असंच आम्ही शिकलो होतो. माझा जोडीदार वर चढला, टेस्टर लावला, काही नाही. त्याने तार हातात घेतली, आणि गल्लीतल्या एका इमारतीचा जनरेटर सुरू झाला. इमारतीला लाईनवरून जनरेटरवर नेणाऱ्या तिथल्या चेंजओव्हर स्विचची जोडणी चुकीची होती. जनरेटरचा सप्लाय इमारतीत थांबायच्या ऐवजी आमच्या लाईनवर आला. जोडीदार बेल्टमुळे खाली पडला नाही, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली.

ओल्या अंगाचा रोध हजार ओमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलिअँपिअर जातात. तुमच्या घरातला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरला पडतो, यावरून अंदाज करा. आणि रोहित्राला (ट्रान्सफॉर्मरला) दिशा कळत नाही. घरांकडच्या बाजूचे फ्यूज काढलेले नसतील तर घरगुती जनरेटरचा सप्लाय रोहित्रातून उलटा चढतो आणि रोहित्राला वीज देणाऱ्या उच्च दाबाच्या लाईनवर २२ हजार व्होल्ट तयार होतात. तिथे काम करणाऱ्याला तुमची इमारत दिसतसुद्धा नाही.

म्हणून आता क्रम ठरलेला आहे. उपकेंद्रातून लेखी परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवून काम करायची परवानगी. एबी स्विच (लाईन तोडणारा खांबावरचा मोठा स्विच) उघडला की त्याला कुलूप, आणि चावी काम करणाऱ्याच्या खिशात. मग डिटेक्टर, म्हणजे तारेत वीज असली की वाजणारं यंत्र, आधी चालू लाईनवर वाजवून बघायचा, मग आपल्या लाईनवर, मग पुन्हा चालू लाईनवर. ही तिसरी वेळ मुलं टाळतात. पण डिटेक्टर मध्येच बिघडला असेल तर तो गप्प राहतो, आणि ते गप्प राहणं "लाईन बंद"सारखंच दिसतं. त्यानंतर अर्थिंगच्या चेन, म्हणजे तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडणाऱ्या साखळ्या, कामाच्या दोन्ही बाजूंना. आधी जमिनीकडचं टोक बांधायचं, मग रॉडने तारांवर. काढताना उलट, आधी तार, शेवटी जमीन. त्या संध्याकाळी एलटीच्या चारही तारा अशा एकत्र बांधून अर्थ केलेल्या असत्या, तर जनरेटर सुरू होताक्षणी शॉर्ट होऊन स्वतःच बंद पडला असता.

चेन गाडीत होत्या. जड होत्या, गुंतलेल्या होत्या, पाऊस होता. हे मी अनेक वर्षं मनाशी घोळवलं. माणूस आळशी म्हणून चेन लागत नाही, असं साहेब लोक म्हणतात. मला ते पटत नाही. सोडवायला वीस मिनिटं लागणारी चेन कोणीच लावणार नाही. आम्ही प्रत्येक चेनला कॅनव्हासची वेगळी पिशवी शिवून घेतली, रंगाने नंबर टाकले, आणि परमिटच्या कागदावर ते नंबर लिहायला लागलो. त्यानंतर चेन लागायला लागल्या.

हत्यारांचंही तसंच. पकडीच्या दांड्यावर सायकलची ट्यूब चढवायची पद्धत मी स्वतः पाळली आहे. पण काळ्या रबरात काजळी मिसळलेली असते, आणि काजळी म्हणजे कार्बन, त्यातून वीज वाहू शकते. त्याच्यावर जीव टाकू नये. दांड्यावर दोन त्रिकोण आणि १००० व्होल्ट असं छापलेलं असेल तीच पक्कड हातात घ्यायची. रबरी हातमोजा घालण्याआधी तोंडाकडून गुंडाळत हवा कोंडायची आणि कानाशी, गालाशी धरायचा. टाचणीएवढं भोक असलं तरी हवा सांगते. वरून चामड्याचा मोजा, म्हणजे तारेचा काटा रबरात घुसत नाही. हातातली अंगठी, घड्याळ, कडं आधी उतरवायचं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत हातमोजे, रबरी बूट, बेल्ट, शिडी, अर्थिंगचं साधन, हेल्मेट, लाईन टेस्टर अशी नावं घेऊन यादी आहे. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. यादीतली वस्तू स्टोअरमध्ये असणं आणि ती खांबापर्यंत पोचणं यात फार अंतर असतं.

पण मला सगळ्यांत मोलाची वाटते ती खांबाखालची पाच मिनिटं. वर कोण, खाली कोण हे मोठ्याने बोलायचं, आणि एक प्रश्न विचारायचा: रिटर्न सप्लाय, म्हणजे घरांकडून उलटी येणारी वीज, कुठून येऊ शकतो? मग एकजण गल्लीभर फिरून जनरेटर, इन्व्हर्टर, गच्चीवरचं सोलर बघून येतो. सोलरचा इन्व्हर्टर लाईन गेली की आपोआप थांबायला हवा, तसाच तो बनवलेला असतो. तरी आम्ही चेन लावतोच. गटातल्या सगळ्यांत नव्या पोराने "थांबा" म्हटलं तर काम थांबतं. हे रुजवायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण आमच्याकडे वयाने मोठ्या माणसाला थांबवायची सवय नाही.

तुमच्या सोसायटीत जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच एकदा परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जनरेटर चालू असताना फेजबरोबर न्यूट्रलही लाईनपासून सुटतो का, हे त्याला विचारा.

आणि तार जोडून झाल्यावरही आम्ही खांबाखाली उभेच दिसतो, लाईट मात्र आलेली नसते, तेव्हा गॅलरीतून सगळ्यांत जास्त हाका येतात. त्या वेळी आम्ही मोजत असतो. खाली उतरलेली माणसं, आणि पिशव्यांत परत आलेल्या चेन.