आमची वाटचाल : भातशेती आणि व्यसनमुक्तीनंतरची वर्षे

मावळ तालुक्यातील आमच्या शेतावर इंद्रायणी तांदूळ, भाजीपाला आणि गांडूळखत तयार होते आणि ते पुणे व पिंपरी-चिंचवडमधील ठरलेल्या ग्राहकांपर्यंत पोहोचते. ज्यांच्या कष्टांवर हे शेत चालते, त्यांपैकी बहुतेक जण दारू किंवा ब्राऊन शुगरच्या व्यसनावर उपचार घेऊन आलेले आहेत. ते शेतावरच एकत्र राहतात, एकत्र स्वयंपाक करतात आणि कामाची मजुरी घेतात.

पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले आणि व्यसन हा आजार आहे, ही समज महाराष्ट्रातील असंख्य घरांत पोहोचली. निवासी उपचार मात्र साधारण महिना-सव्वा महिन्याचा असतो. त्यानंतर माणूस घरी परततो तेव्हा शरीरातली दारू गेलेली असते, पण चौक तोच असतो, मित्र तेच असतात, थकलेली उधारी दारात उभी असते, हाताला काम नसते आणि घरचे लोक, त्यांचाही नाइलाज असतो, तो बाहेरून आला की आधी तोंडाचा वास घेतात. उपचार आणि स्थिरस्थावर आयुष्य यांच्या मधली ही दोन-तीन वर्षे कोणी सांभाळायची, या प्रश्नातून आमच्या कामाची दिशा ठरली. वडिलोपार्जित भातखाचरे होती आणि लावणीला माणसे मिळत नव्हती. एका समुपदेशकांनी या दोन गरजा एकत्र आणण्याचे सुचवले.

आमचे शेत व्यसनमुक्ती केंद्र नाही, हे आम्ही प्रत्येक कुटुंबाला आधीच स्पष्ट सांगतो. दारू अचानक थांबवल्यावर पहिल्या काही दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि प्रसंगी जिवावर बेतते. तो काळ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जायला हवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितींचाही समावेश आहे आणि अशा उपचार संस्थांना नोंदणी बंधनकारक आहे. म्हणून उपचार पूर्ण झालेली, डॉक्टरांकडे नियमित जाणारी आणि स्वतःच्या इच्छेने येणारी व्यक्तीच आम्ही स्वीकारतो. ‘त्याला काही दिवस अडकवून ठेवा,’ अशी विनंती करणाऱ्या आई-वडिलांचे दुःख आम्हाला कळते, तरीही आम्ही नकार देतो. इटलीत रिमिनीजवळ 1978 मध्ये सुरू झालेली सान पात्रिन्यानो ही व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांची वसाहत द्राक्षमळे आणि चीजच्या उत्पादनातून अनेक वर्षांच्या सहजीवनाचा आदर्श ठरली, पण तिथेही सुरुवातीच्या काळात निवासींना साखळ्यांनी बांधून ठेवल्यावरून खटला उभा राहिला होता. सक्तीने राहिलेला माणूस शेतात वाकतो, पण शेत त्याचे होत नाही.

काम कोणते द्यायचे, याचा आम्ही फार विचार केला. भाताची लावणी आम्ही डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीने करतो. दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटरच्या आलटून-पालटून खुणा असतात, प्रत्येक खुणेवर दोन-तीन रोपांचा चूड लावायचा आणि जवळजवळ आलेल्या चार चुडांच्या चौकोनात मधोमध खताची एक गोळी बोटाने 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. दोरी दोघांना धरावी लागते, एकाची खूण चुकली की पुढच्या साऱ्यांची ओळ वाकडी होते आणि चिखलात उभ्या असलेल्या माणसाला दुसरे काही सुचायला सवड राहत नाही. नशेने झटपट सुखाची सवय लावलेली असते. इंद्रायणी मात्र पेरणीपासून साडेचार महिने घेते. आमच्या अनुभवात तलफ नांगरणी-लावणीच्या दिवसांत कमी आणि सोंगणीनंतर हात रिकामे झाल्यावर अधिक सतावते, म्हणूनच भाजीपाला आणि गांडूळखत सुरू झाले.

शेतीतील काही गोष्टी या माणसांसाठी तपासून घ्याव्या लागतात, हे पुस्तकात कुठे लिहिलेले नसते. जीवामृत या सेंद्रिय खतासाठी दोनशे लिटरच्या पिंपात शेण, गोमूत्र, बेसन आणि दोन किलो गूळ भिजत घालतात. हातभट्टीची दारू पिणारे एक काका पिंप ढवळताना अचानक दूर झाले आणि म्हणाले, ‘‘दादा, ह्यो वास मला भट्टीवर नेतो.’’ त्यानंतर पिंप मागच्या बांधावर गेले आणि ते काम गावातील दोन मजुरांकडे दिले गेले. विषारी कीटकनाशकाची एकही बाटली शेतावर ठेवली जात नाही. व्यसन सुटल्यानंतर येणारी खिन्नता कधी कधी फार खोल जाते आणि तशा रात्री ती बाटली हाताशी असू नये. फवारणी निंबोळी अर्काने किंवा दशपर्णी अर्काने, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या अर्काने होते, आणि पीक थोडे कमी आले तरी चालते.

मजुरी परिसरातील दराने, बँक खात्यात जमा होते; राहण्या-जेवण्याचा खर्च त्यातून वजा होतो. हातात रोख रक्कम किती घ्यायची, हे प्रत्येक जण स्वतः लिहून देतो. गटारी अमावास्या आणि 31 डिसेंबरला आम्ही कोणालाही एकटे बाहेर पाठवत नाही, कारण त्या दिवशी सारा रस्ताच पिण्याचे निमंत्रण देत असतो. एखाद्याचे पुन्हा पिणे झाले, तर आधी डॉक्टर, मग सर्वांची बैठक आणि परत येण्याचा निर्णय. त्याची पथारी तोवर आवरली जात नाही.

गावाने आम्हाला सुरुवातीला संशयाने पाहिले, ते स्वाभाविकच होते. लावणीच्या पडकईत, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याच्या प्रथेत, आमची माणसे इतरांच्या खाचरात उतरू लागली, तेव्हा परस्परांची ओळख झाली. मनुष्य सुधारतो तो समाजात, समाजापासून दूर नेऊन नाही, यावर माझा ठाम विश्वास आहे.

आमच्या पाकिटावर व्यसनमुक्तीचा उल्लेख नाही. काही हितचिंतकांनी तो करण्याचा आग्रह धरला होता आणि त्याने विक्री वाढलीही असती, परंतु कोणाच्या आजाराची जाहिरात करून तांदूळ विकणे आम्हाला मान्य नाही. तांदूळ सुवासिक नसेल, कणी जास्त निघाली किंवा माल उशिरा पोहोचला, तर ग्राहकाने तक्रार करावी; आणि ती तक्रार ज्याने पोते भरले त्याच्यापर्यंत जावी. आपल्या कामाला बाजारात खरा भाव आहे, हे कळणे त्याच्यासाठी कौतुकापेक्षा अधिक मोलाचे असते.

पूर्वी येथे राहिलेले काही जण आता शेजारच्या गावांत खंडाने जमीन करतात आणि त्यांचा भात आमच्यामार्फत विकला जातो. त्यासाठी येत्या हंगामापासून भरडाईची छोटी गिरणी सुरू होत आहे. तिचे हिशेब असाच एक जुना निवासी पाहणार आहे. स्त्रियांच्या राहण्याची व्यवस्था आमच्याकडे अजून नाही आणि ही उणीव मोठी आहे. गिरणीच्या शेडला लागून असलेली जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली असून, तिथे पूर्णवेळ स्त्री समुपदेशक मिळाल्याशिवाय आम्ही बांधकामाला हात घालणार नाही.