तारीख नसलेलं कार्ड

मंगळवार, रात्री उशिरा

परदेशातल्या मैफलीच्या रात्री मी माझ्याच पत्त्यावर टाकलेलं पोस्टकार्ड आलं. चोवीस दिवसांनी. हरवलं असं धरून मी त्याच्या नावाने केव्हाच हात धुतले होते, त्यामुळे आधी आनंदच झाला. मग उलटं करून पाहिलं आणि मन खट्टू झालं. तिकीट जसंच्या तसं कोरं. त्यावर ना गोल शिक्का, ना लाटांसारख्या रेघा. खालच्या कडेला यंत्राने उमटवलेल्या फिकट नारिंगी दांड्या तेवढ्या आहेत, त्या मला वाचता येत नाहीत.

चित्र शहर सांगतंय. अक्षर माझं, पत्ताही माझाच. 'अमुक तारखेला हे इथे होतं' असं सांगणारा तिसरा माणूस मात्र कार्डावर कुठेच नाही.

ताईला सांगितलं नाही. ती म्हणेल, एवढ्याशा शाईचं काय घेऊन बसलीस.

पण दुसरा पुरावा उरलाय कुठे? कार्यक्रमाचं तिकीट फोनमध्ये होतं. हल्ली त्याचा बारकोड दर थोड्या सेकंदांनी बदलतो, म्हणून स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. तिकीट आदल्या दिवशीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवायचं असतं, कारण हजारो लोक एकाच फाटकाशी उभे असले की नेटवर्क मान टाकतं. आणि कार्यक्रम संपला की ते तिकीट कुठल्यातरी 'मागील' नावाच्या कप्प्यात जाऊन करडं पडतं. पूर्वीसारखा फाडलेला अर्धा तुकडा हातात राहत नाही. पासपोर्टचंही तेच. युरोपातल्या, एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या शेंगेन देशांच्या सीमेवर 12 ऑक्टोबर 2025पासून टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी पद्धत सुरू झाली, आणि पानावरचा शिक्का तिने मोडीत काढायला घेतला. नोंद होते, पण ती त्यांच्याकडे राहते.

मराठीत गंमत अशी की टपालाचं तेही तिकीट आणि मैफलीचं तेही तिकीटच. पोस्टाचा तो शिक्का आणि सीमेवरचाही शिक्काच. दोन तिकिटं, दोन शिक्के, आणि चारांतलं हाताला लागलं ते हे एक कोरं तिकीट.

शिक्का का पडला नसेल, हे संध्याकाळभर डोक्यात घोळतंय. कारणं माहीत आहेत, तीच पुन्हा मोजतेय. तिकिटावरच्या शिक्क्याचं मुख्य काम तारीख सांगणं हे नाहीच. तेच तिकीट सोडवून कोणी परत चिकटवू नये म्हणून ते रद्द करायचं, हे त्याचं काम. तारीख आणि गाव ही वरची मेहेरबानी. पेटीतून आलेला ढीग एका यंत्रात जातो. हे यंत्र तिकिटावरची अतिनील प्रकाशात चमकणारी शाई किंवा पट्टी हुडकतं, त्यावरून कार्ड सरळ करतं आणि शिक्का मारून पुढे सोडतं. तिकीट वरच्या उजव्या कोपऱ्यात नसेल, त्यावर शोभेची चिकटपट्टी गेली असेल, कार्ड लाकडी किंवा फार जाड असेल, तर यंत्र ते बाजूला टाकतं. मग हाताने शिक्का पडला तर पडला. चौरस कार्डाचं दुखणं वेगळं: लांबी रुंदीच्या निदान 1.4 पट नसली तर आडवं कुठलं आणि उभं कुठलं हे यंत्राला कळत नाही, आणि बऱ्याच देशांत त्याला जादा तिकीटही लागतं. आंतरराष्ट्रीय टपालाची मापं ठरलेली आहेत, कमीत कमी 90 बाय 140 मिलिमीटर, जास्तीत जास्त 120 बाय 235. माझं कार्ड साधं 105 बाय 148चं. त्याची काही चूक नव्हती.

दुसरं कारण जास्त बोचतं. जर्मनीत 2021पासून तिकिटांवर मॅट्रिक्स कोड, म्हणजे ठिपक्यांचे चौकोनी बारकोड, छापायला लागले, पुढच्या वर्षी ब्रिटनमध्येही रोजच्या वापराच्या तिकिटांवर बारकोड आले. प्रत्येक तिकिटाचा कोड वेगळा. यंत्राने एकदा वाचला की ते तिकीट संगणकात वापरलेलं ठरतं, मग शाई पडली काय आणि न पडली काय. म्हणजे असं कार्ड कोरं आलं तरी त्याची तारीख कुठेतरी असते. कुठल्यातरी सर्व्हरवर, कोणाच्या तरी ताब्यात. मला ती दिसणार नाही, एवढंच.

एवढंच, असं लिहिलं खरं. पण डोळ्यांत पाणी आलं होतं मगाशी, शाईच्या एका थेंबासाठी. वय काय माझं!

इतक्या लांब जाण्यात काय काय जुळवावं लागतं, ते जाणारालाच माहीत. रेडिओहेड हा इंग्लिश रॉक बँड 2018नंतर थेट 4 नोव्हेंबर 2025ला माद्रिदच्या रंगमंचावर उभा राहिला. मग बोलोन्या, लंडन, कोपनहेगन, बर्लिन. पाच शहरं, प्रत्येकी चार रात्री, रंगमंच सभागृहाच्या मधोमध, गाण्यांची यादी रोज वेगळी. तिकिटाआधी नावनोंदणी, मग कोड, मग रांग. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपेक्षा लवकर घेत नाहीत आणि पंधरा दिवसांपेक्षा उशिरा चालत नाही. तोही ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे करायचा. दोन देशांत सारख्याच रात्री असतील तर आधी पाय ठेवाल त्याच्याकडे. दोन शहरांचे कार्यक्रम गाठायचे मनसुबे असले की इथेच घोळ होतो. एवढं करूनही घसा गायकाचा असतो. कोपनहेगनचे 1 आणि 2 डिसेंबरचे कार्यक्रम घशाच्या संसर्गामुळे 15 आणि 16 डिसेंबरवर गेले. परतीचं विमान दुसऱ्याच सकाळचं, न बदलता येणारं घेतलं असेल तर गाणं राहिलं आणि हाती उरलं पोस्टकार्ड. अशा वेळी तारीख बदलता येणारं भाडं जरा महाग पडलं तरी तेच घ्यावं. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नाही, निदान दोन दिवस आधी पोचावं.

त्या रात्री शेजारच्या खुर्चीवर कोण असायला हवं होतं, ते लिहीत नाही.

कार्ड कार्यक्रमाला बरोबर नेता येतं का, हा प्रश्न नेहमी येतो. येतं. युरोपातल्या पुष्कळ सभागृहांत ए4पेक्षा मोठी पिशवी आत घेत नाहीत. कार्ड त्याच्या चौथाई आकाराचं, तेव्हा अडचण नाही. अमेरिकेतल्या मोठ्या स्टेडियमवर पारदर्शक पिशवी लागते, आणि पारदर्शक नसलेलं छोटं पाकीट चालतं ते साडेचार बाय साडेसहा इंचांचं. त्यात साधं कार्ड बसतं, पाच बाय सातचं बसत नाही. पोस्टरची नळी बहुतेक ठिकाणी दारावरच अडवतात.

लिहायचं कशाने, तर बॉलपेनने. जेलपेनची शाई गुळगुळीत कार्डावर तरंगते आणि समोरच्या कार्डाच्या चित्रावर उलटी उमटते. विकत घेण्याआधी मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीची हलकी रेघ ओढून बघायची. पेन्सिल उमटली नाही तर शाईही धरणार नाही, आणि शिक्क्याची शाई तर हमखास फासली जाणार. जागेचं गणित ठरलेलं. वरून 40 आणि उजवीकडून 74 मिलिमीटर एवढी चौकट तिकिटाची आणि शिक्क्याची, म्हणजे साध्या कार्डाची बरोब्बर अर्धी लांबी, आणि तिच्याखाली पत्ता. खालचे 15 मिलिमीटर यंत्राच्या दांड्यांसाठी मोकळे. उरते डावी बाजू. चार मिलिमीटरची ओळ धरली तर बावीस ओळी. गाणी झाली पंचवीसेक. शेवटची तीन मला कडेने उभी लिहावी लागली. पण ब्रिटनमध्ये 1902पर्यंत ही डावी बाजूसुद्धा मिळत नव्हती. मागे फक्त पत्ता, मजकूर चित्राच्या कडेला जमेल तसा. तेव्हा तक्रार कशाला.

तर, पेटी. आणि इथेच, हे लिहितालिहिता, मला हसू यायला लागलंय.

पेटीवर शेवटच्या उचलीची वेळ लिहिलेली असते. पुष्कळदा ती दुपारची किंवा संध्याकाळची असते, शनिवारी त्याहून लवकर, आणि रविवारी बहुतेक ठिकाणी उचलच नसते. कार्यक्रम सुरू होतो रात्री साडेआठच्या सुमारास, बाहेर पडेपर्यंत अकरा. कार्यक्रम शनिवारचा होता. यादी लिहून, तिकीट चिकटवून मी मध्यरात्री कार्ड पेटीत टाकलं. ते उचललं गेलं असणार सोमवारी. शिक्का पडलाच असता तर त्यावर सोमवारची तारीख असती.

म्हणजे ज्या तारखेसाठी मी दोन तास रडतेय, ती या कार्डावर कधी येणारच नव्हती.

हवी तर ती मिळते, पण तिची वाट वेगळी. कार्यक्रमाच्या दिवशी, पोस्ट उघडं असताना खिडकीवर जायचं, तिकीट लावलेलं कार्ड पुढे करायचं आणि हाताने शिक्का मारून द्या म्हणायचं. शिक्क्याचा अर्धा भाग तिकिटावर, अर्धा कार्डावर यावा असं सांगायचं, म्हणजे तारीख कोऱ्या कागदावर वाचता येते. जपानमध्ये तर त्या त्या गावच्या देखाव्याचे वेगळे शिक्केच असतात, विटकरी तपकिरी शाईचे. ही पद्धत 1931पासूनची. कार्ड टपालात न टाकता नुसता शिक्का मारून परत मागता येतं, फक्त तिकीट निदान कार्डाच्या दराचं हवं. पण शनिवारी दुपारी त्या कार्डावर लिहायचं काय? तोवर एकही गाणं ऐकलेलं नसतं. तारीख खरी हवी तर कार्डाला मैफल ठाऊक नसते, आणि मैफल ठाऊक असलेल्या कार्डावर तारीख खोटी. शिक्का मारून परत घ्यायचं आणि रात्री लिहायचं, हा एक चोरटा मार्ग आहे. पण मग ते टपालाने आलेलं नसतं, बॅगेतून आलेलं असतं. बॅगेतून आलेल्या कार्डाचं मला काही वाटत नाही. का नाही, ते माहीत नाही. त्याने एकट्याने प्रवास केलेला नसतो म्हणून असेल.

पेट्यांचं एक लिहायचं राहिलं. पर्यटकांच्या दुकानात कार्डाबरोबर देतात ती तिकिटं कधीकधी खासगी टपाल कंपनीची असतात. ती त्यांच्याच पेटीत टाकावी लागतात. सरकारी पेटीत टाकली तर कार्ड फिरत बसतं किंवा येतच नाही. तिकीट हातात घेतलं की त्यावर देशाचं नाव आहे का ते बघायचं; ब्रिटनच्या तिकिटावर तेवढं नाव नसतं, राजा-राणीचं मस्तक असतं. इटलीच्या लाल पेटीला दोन फटी असतात, एक त्याच शहरासाठी आणि दुसरी बाकी सगळ्या जगासाठी. व्हॅटिकनचं टपाल स्वतंत्र. त्यांचं तिकीट लावलेलं कार्ड बाहेर रोमच्या पेटीत टाकलं की फसलं.  आणि डेन्मार्कमध्ये आता तीही विवंचना नाही. तिथल्या सरकारी टपालाने लाल पेट्या जून 2025पासून उचलायला घेतल्या आणि 30 डिसेंबरला शेवटचं पत्र पोचवून पत्रं वाटण्याचं चारशे वर्षांचं काम थांबवलं. पत्रं आता खासगी कंपनी नेते. कोपनहेगनच्या पुढे ढकललेल्या त्या दोन रात्री म्हणजे त्या टपालाचे शेवटचे दोन आठवडे. तिथून त्या आठवड्यात कोणी कार्ड टाकलं असेल तर त्याने ते जपून ठेवावं, शिक्का असो नसो.

दुसरं कार्ड मी लिहिलं होतं आणि टाकलं नाही. ते वहीत आहे. त्याच्यावरही शिक्का नाही, पण त्याचं कारण साधं आहे.

मगाशी पुन्हा काढून पाहिलं. तिकीट इतकं धडधाकट आहे की कोमट पाण्यात अर्धा तास ठेवलं तर सुटून येईल. परत वापरणं गुन्हा, आणि तसं करायचंही नाही. पण टपालाच्या लेखी हे कार्ड अजून निघालेलंच नाही. चोवीस दिवस, अर्धं जग पालथं घालून माझ्या दारात येऊन पडलंय आणि कागदोपत्री अजून शनिवारच्या मध्यरात्री त्या पेटीत बसलंय. मग मी तरी परत आलेय असं कशावरून?

कव्हरमध्ये घालते आता. पॉलिप्रॉपिलीनचंच. मऊ पीव्हीसीच्या कव्हरात कालांतराने प्लास्टिक चिकट होतं आणि छपाईला धरतं. उन्हात लावायचं नाही. आधी पिवळा आणि लाल रंग उडतात, मग सगळं शहर निळं पडतं. संग्रहात नंतर काही टिपायचं तर पेनाने कधीच लिहीत नाहीत. 2बीची मऊ पेन्सिल, मागच्या बाजूला, खोडता येईल इतकी हलकी.

टोक केलं. शनिवारची तारीख लिहिली. मग तिरकी रेघ, आणि पुढे सोमवारची.