म्वेयाची रानडुकरं: युगांडातले तीन दिवस

एंटेब्बेहून क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यान साधारण 400 किलोमीटर. म्बरारा-इशाका मार्गे सात-आठ तास लागतात, म्हणून पहिला दिवस प्रवासातच संपतो. मुक्काम म्वेया द्वीपकल्पावर ठेवा. उद्यानातल्या कासेन्यीच्या मैदानाकडे राहिलात तर सिंह जवळ, पण जायंट फॉरेस्ट हॉग लांब पडतो. आणि इथवर यायचं ते त्याच्यासाठीच.

हा आफ्रिकेतला सगळ्यात मोठा रानडुक्कर. मोठा नर 200 किलोच्या वर जातो. बहुतेक ठिकाणी तो दाट जंगलात दडलेला असतो, इथे मात्र दिवसाउजेडी दिसतो. म्वेया ते काटुंगुरू आणि काझिंगा कालव्याच्या कडेचा ट्रॅक हा त्याचा पट्टा. सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चारनंतर झुडपांच्या कडेने गाडी ताशी 15-20 च्या वेगाने न्या. इथेच बहुतेकांचं चुकतं. सिंहाच्या घाईत ड्रायव्हर हा भाग भरधाव कापतो, म्हणून त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. ट्रॅक सोडून गाडी घातली तर दंड होतो.

ओळखायचं कसं? काळे लांब केस, डोळ्यांखाली फुगलेले गाल, ताटलीसारखं रुंद नाक. पळताना शेपटी खाली. शेपटी अँटेनासारखी उभी असेल तर तो वॉर्टहॉग, म्हणजे तोंडावर मोठे चामखीळ असलेला दुसरा रानडुक्कर. आपल्याकडचा रानडुक्कर शेत उकरून ठेवतो, तसं हा फारसं करत नाही. गवत आणि पाला खातो. काळ्या अंगामुळे उजळ गवतात फोटोत नुसता गोळा येतो. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ करण्याची सेटिंग) +0.7 ते +1 ठेवा.

वॉर्टहॉग तर मुक्कामाच्या अंगणातच पुढचे गुडघे टेकून चरतात. पट्टेरी मुंगूस त्यांच्या अंगावरच्या गोचिड्या वेचून खातात आणि ते निवांत आडवे पडून राहतात. या एका दृश्यासाठी तासभर बसायला हरकत नाही. खायला मात्र काही देऊ नका. बिळाच्या तोंडासमोर उभं राहू नका: तो आत उलटा शिरतो, सुळे बाहेरच्या बाजूला, आणि बिथरला की थेट तुमच्या अंगावर सुटतो.

इथला तिसरा रानडुक्कर, बुशपिग, निशाचर. तीन दिवसांत तो दिसेल ही आशा धरू नका.

या डुकरांना मोठा धोका फासक्यांचा. तारेचा फास दिसला तर हात न लावता रेंजरला जागा सांगा. दुसरा मुद्दा आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा. वॉर्टहॉगच्या बिळातल्या गोचिड्यांमधून विषाणू फिरतो. वॉर्टहॉग आजारी पडत नाही, पाळीव डुकरं मात्र पटापट मरतात. 2020 मध्ये हा रोग भारतात पोचला. त्यामुळे डुकराचं मांस किंवा सुळे परत आणू नका आणि बूट तिथेच घासून धुवा.

पीतज्वराची लस निघण्याआधी किमान 10 दिवस, सरकारमान्य केंद्रातच घ्या. व्हिसाच्या अर्जाला तिचं कार्ड जोडावं लागतं. परतताना ते सामानात नव्हे, हाताशी ठेवा. मुंबईला उतरल्यावर नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं.