ओसीटीचा आकडा घसरला तेव्हा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात मी शेड तपासते. रंगवून आलेल्या लडीतून धागा काढायचा, मंजूर नमुन्याशेजारी धरायचा आणि खिडकीच्या उजेडात बघायचा. बारा वर्षं हेच काम. मागच्या मार्चमध्ये एका सकाळी लाल धागा मला विटकरी दिसला. डाईंग मास्तरांना म्हटलं, "मास्तर, हा लॉट उतरलाय." त्यांनी धागा उन्हात धरला आणि परत माझ्या हातात दिला. "ताई, एकदा नीट बघा." मी डावा डोळा मिटला तर लालभडक. उजवा मिटला तर विटकरी. चार-पाच वेळा करून पाहिलं, तेच. धाग्यात दोष नव्हता.

त्याआधी दोन दिवस डावा डोळा फिरवला की आतून ओढल्यासारखं दुखत होतं. झोप नीट झाली नसेल म्हणून सोडून दिलं होतं. ज्या दवाखान्यात आधी गेले तिथे चष्म्याचा नंबर बदलून दिला आणि थेंब दिले. त्यात पाच दिवस गेले. तोवर डाव्या डोळ्यासमोर मधोमध धुकं आलं. भिंतीवरच्या घड्याळाची कड दिसायची, काटे दिसायचे नाहीत. डोळा फिरवताना दुखणं, रंग विटणं आणि एकाच डोळ्याला अंधूक दिसणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर ते चष्म्याचं काम नाही, डोळ्याची नस तपासून घ्या. हे मला कुणी तेव्हा सांगायला हवं होतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर असा फिरवला. डाव्या डोळ्यावर उजेड आला की बाहुली आकसायची सोडून फाकत होती. ठिपक्यांतले आकडे वाचायचं पुस्तक समोर ठेवलं. उजव्याने सगळे वाचले, डाव्याने पहिलाच कसाबसा. थेंब घालून आत पाहिलं तर नसेचं तोंड जवळजवळ नेहमीसारखं. डॉक्टर म्हणाले, या आजारात सूज बऱ्याचदा डोळ्याच्या मागे, नसेच्या आतल्या भागात असते, पुढून दिसत नाही. "ऑप्टिक न्यूरायटिस वाटतंय, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज. ओसीटी करू, पडद्याच्या थरांचं स्कॅन."

ओसीटीत दुखत काहीच नाही. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि आतल्या खुणेकडे बघत राहायचं. डोळ्याला जेमतेम जाणवेल अशा प्रकाशाने मशीन पडद्याचे थर मोजतं, सोनोग्राफीसारखंच, पण आवाजाच्या जागी प्रकाश. हे तंत्र १९९१ मध्ये जगापुढे आलं. मोजमाप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माझ्या डाव्या डोळ्याला ती खुणेची फुलीच धड दिसत नव्हती, नजर सारखी सरकायची. पहिला फोटो वाया गेला. टेक्निशियन मुलगी शांतपणे म्हणाली, "मावशी, दोनदा पापण्या मिटा, मग सरळ बघा." सिग्नलचा आकडा दहापैकी पाच होता, तो आठवर आल्यावरच तिने प्रिंट काढली. रिपोर्ट हातात आला की आधी हा सिग्नलचा आकडा बघा. तो कमी असेल तर खालच्या मायक्रॉनवर भरवसा ठेवू नका.

रिपोर्टवर नसेच्या तंतूंच्या थराची सरासरी जाडी होती: उजवा ९५, डावा ११९. घरी दिरांनी वाचून सांगितलं, "वहिनी, डाव्याचा तर जास्तच आहे की!" आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. जास्त म्हणजे चांगलं, असंच वाटलं. ती जाडी सुजेची होती, हे कळायला मला तीन महिने लागले.

पुढचे पंधरा दिवस धावपळीत गेले. एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे डाग निघाले. रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सलाईनमधून, असे पाच दिवस. तोंडात कडवट धातूची चव, रात्री झोप नाही. गोळ्याच द्या ना, असं मी विचारलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीबद्दल सांगितलं. तिचे निष्कर्ष १९९२ मध्ये आले. नुसत्या साध्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हा त्रास पुन्हा उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं. मग मी मुकाट्याने हात पुढे केला.

पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टकडे हुतात्मा एक्स्प्रेसने गेलो. तिथे रक्तातल्या दोन अँटिबॉडी तपासल्या, एक्यूपी-फोर आणि एमओजी, कारण या अँटिबॉडी ज्या आजारांत सापडतात त्यांतही डोळ्याची नस सुजते आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. दोन्ही निगेटिव्ह. कमरेतलं पाणी काढलं, त्यात एमएसमध्ये बहुतेकदा दिसणाऱ्या प्रथिनांच्या पट्ट्या सापडल्या. डोळ्यातून मेंदूत संदेश पोचायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या व्हीईपी तपासणीला बुद्धिबळाच्या पटासारखी काळीपांढरी चौकट समोर उलटसुलट होत होती. डोळ्यातून निघालेला संदेश मेंदूत साधारण शंभर मिलिसेकंदांत पोचायला हवा, माझ्या डाव्याला १३८ लागत होते. निदान झालं: मल्टिपल स्क्लेरोसिस, एमएस. आईला फोनवर सांगताना मी "नसांवरच्या आवरणाचा आजार" एवढंच म्हटलं. जास्त बोलायचं बळ नव्हतं.

मे महिन्यात सात रस्त्यावरून भर उन्हात चालत घरी आले आणि डावा डोळा पुन्हा मिणमिणला. सोलापूरचा मे म्हणजे चाळिशीच्या वरचा पारा. दुसरा झटका आला असंच वाटलं. पंख्याखाली बसले, ओला पंचा मानेवर ठेवला. अर्ध्या तासात नजर होती तशी झाली. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये हे लिहून ठेवलंय. अंग तापलं की आवरण गेलेल्या नसेतून संदेश नीट जात नाही, गार झालं की जातो. त्याने नवीन इजा होत नाही. हे आधी माहीत असतं तर त्या दुपारी पोरांना कवटाळून रडले नसते.

जूनमध्ये तक्त्यावरची शेवटची ओळ मी दोन्ही डोळ्यांनी वाचली. सहा बाय सहा. घरी शेंगापोळ्या करायचं ठरलं. आणि त्याच दिवशीच्या ओसीटीत डावा डोळा ७९. तीन महिन्यांत ४० मायक्रॉन गेले. गोल आकृतीत जिथे हिरवं होतं तिथे पिवळं आणि लाल, म्हणजे नेहमीपेक्षा पातळ. बाहेरच्या बाकावर बसून मी ती प्रिंट बघत राहिले. औषध चालू असताना, दिसायला लागलेलं असताना आतून सगळं झडत चाललंय, असंच मनात आलं.

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. "ताई, ११९ मधून ७९ वजा करू नका. ११९ मध्ये सूज मोजली गेली होती. तुमच्या उजव्याच्या ९५ शी तुलना करा." म्हणजे झीज पंधरा-सोळाच्या आसपास, आणि तीही मार्चच्या त्या एकाच झटक्याची. नस सुजते तेव्हाच तंतू तुटतात, पण मेलेला भाग ओसरायला तीन ते सहा महिने लागतात. आज दिसणारा पातळपणा मार्चचा होता, जूनचा नव्हता. मग त्यांनी दुसरं पान काढलं, मॅक्युलाचं, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचं. तिथे पेशींचा थर मोजतात, गँग्लियन पेशी आणि त्यांच्या खालची जाळी मिळून. उजवा ८१, डावा ६८. या थराला सूज फारशी फसवत नाही, त्याची झीज पहिल्या काही आठवड्यांतच दिसू लागते. म्हणून एमएसच्या रुग्णाने ओसीटीला जाताना नस आणि मॅक्युला, दोन्ही लिहून घ्यावेत. माझ्या पहिल्या चिठ्ठीवर फक्त नस होती.

मी विचारलं, एवढं गेलं तर सहा बाय सहा कसं? तक्त्यावरची अक्षरं काळीकुट्ट असतात, ती थोड्या पेशींवरही वाचता येतात. त्यांनी फिकट राखाडी अक्षरांचा तक्ता लावला. उजव्याने पाच ओळी, डाव्याने दोन. तेव्हा पटलं. संध्याकाळी जिन्यात पायरी चुकते ती यामुळेच.

पडद्यातल्या या तंतूंवर मायलिनचं आवरण नसतं. त्यामुळे आतली तार किती उरली ते इथे थेट मोजता येतं, मेंदूत तसं करता येत नाही. एमएसमध्ये ज्या डोळ्याला कधी झटका आलेला नाही तोही हळूहळू पातळ होऊ शकतो, म्हणून माझ्या उजव्याचाही हिशेब ठेवतात. २०२४ च्या सुधारित निदान-निकषांत डोळ्याची नस ही एमएसच्या खुणा शोधायची पाचवी जागा म्हणून धरली गेली आहे, आणि दोन डोळ्यांतला चार-सहा मायक्रॉनचा फरकही तिथे पुरावा ठरू शकतो. पण काचबिंदूत किंवा फार मोठ्या मायनस नंबरातही थर पातळ असतो, म्हणून एकट्या ओसीटीवरून एमएस म्हणायचं नाही.

मशीन बदललं तर आकडेही बदलतात, म्हणून मी दरवेळी त्याच सेंटरला त्याच मशीनवर जाते. पुण्याला पाठवायला एकदा रिपोर्टची साधी झेरॉक्स काढली, तर हिरवा-पिवळा-लाल सगळा एकच करडा. आता रंगीत प्रिंट प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवते.

सप्टेंबरमध्ये डावा ७६, पेशींचा थर ६७. उजवा ९५. एमएसची फिंगोलिमोड ही गोळी सुरू झाली. पहिल्या गोळीला सहा तास दवाखान्यात बसवून नाडी बघितली. या औषधाने काही जणांच्या मॅक्युलाला सूज येते, म्हणून सुरू करताना एक ओसीटी आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा एक. ती दुसरी तपासणी जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत आली. होम मैदानाकडची गर्दी टाळून रिक्षाने गेले. या वेळी भीती आकडा वाढण्याची होती. वाढला नाही.

कामावर मी आजही शेड बघते. लाल आणि मरून असेल तर डावा डोळा तळहाताने झाकते आणि मास्तरांना शेजारी उभं करते. त्यांनी अजून एकदाही कारण विचारलेलं नाही.