पेटीत बंद केलेला शब्द

आपल्या कॅथलिक शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत बहुतेक जण मोठ्या वर्गांबद्दल लिहितील. गाजलेली स्नेहसंमेलनं, गणिताच्या सरांचा दरारा, शेवटच्या बाकावरच्या करामती. मी बालवर्गाबद्दल लिहिणार आहे. त्या वयातलं काही आठवत नसतं असं म्हणतात, आणि मलाही धडे आठवत नाहीत. हातांनी केलेलं मात्र आठवतं. आमच्या बालवर्गात बहुतेक सगळं हातांनीच शिकवत, अगदी देवसुद्धा.

आमचं घर ख्रिस्ती नव्हतं. वर्गात कॅथलिक घरांतली मुलं होती, माझ्यासारखीही होती, पण कोण कुठलं हा प्रश्नच कधी पडला नाही. त्याचं कारण बऱ्याच वर्षांनी कळलं. कॅथलिक मुलांना पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चच्या उपासनेत दिला जाणारा पवित्र भाकरीचा घास, मिळतं ते साधारण सातव्या वर्षी, बरंवाईट कळू लागल्यावर. हे वयही पोप दहावे पायस यांनी १९१० साली ठरवून दिलं. त्याआधी अनेक ठिकाणी मुलांना दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागे. म्हणजे बालवर्गातलं कुणीच कम्युनियन घेणारं नव्हतं. चर्चमध्ये नेलं की आम्ही सगळे दोन्ही हात छातीवर आडवे धरून रांगेत उभे राहायचो आणि फादर एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत पुढे जायचे. काही वर्षांनी मैत्रिणी पांढरे झगे घालून पुढे गेल्या, तेव्हा मी पहिल्यांदा बाकावर बसून राहिले. तोवर वेदीपुढे आमची उंची सारखीच होती.

क्रुसाची खूण करायला सिस्टरांनी शिकवलं तेव्हाची एक गंमत मला फार उशिरा उमगली. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. सिस्टर आमच्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि स्वतः डाव्या हाताने, उलट्या बाजूने खूण करायच्या. आम्ही आरशात बघितल्यासारखं करायचो आणि ते आपोआप बरोबर यायचं. रोज स्वतःची प्रार्थना उजव्या हाताने करणाऱ्या बाईने मुलांसमोर ती उलटी करायची, हे वाटतं तितकं सोपं नाही. आज मी बालशिक्षिकांना शिकवते, आणि तिथेही हे पहिल्या फटक्यात कुणाला जमत नाही. मुलांना मात्र त्यातून डावं-उजवं फुकटात मिळतं.

बाकी अक्षरं, आकडे, रंग, कात्री धरणं, चेन लावणं हे जगातल्या कुठल्याही बालवाडीत असतं तसंच होतं. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवायचं, ओतकामाला, म्हणजे एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायच्या सरावाला, काचेची भांडी असायची, सांडलेलं पाणी ज्याचं त्याने पुसायचं. ही पद्धत मारिया मॉन्टेसरींची. त्या डॉक्टर होत्या, कॅथलिक होत्या आणि त्यांचं पहिलं ‘मुलांचं घर’, म्हणजे बालवाडी, रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी सुरू झालं. आमच्या वर्गातला शांततेचा खेळही त्यांचाच. एकदा त्यांनी चार महिन्यांचं एक बाळ वर्गात आणलं आणि मुलांना म्हणाल्या, बघा, हिच्याइतकं शांत तुम्हाला राहता येईल का? तिथून तो खेळ निघाला. आमच्याकडे सिस्टर शेजारच्या खोलीत जायच्या आणि तिथून एकेकाचं नाव कुजबुजत घ्यायच्या. नाव ऐकू आलं की खुर्चीचा आवाज न करता उठायचं आणि त्यांच्यापाशी जायचं. आपलं नाव येईपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा! ‘गप्प बसा’ म्हणून बसवलेली शांतता आणि ही शांतता यांत केवढा फरक आहे, हे शिकवायला मला आता तासाचं व्याख्यान द्यावं लागतं.

बायबलमधली मेंढपाळाची गोष्ट सांगायला लाकडाची छोटी मेंढरं होती, गोल कुंपण होतं आणि खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ होता. गोष्ट दोन मिनिटांत संपायची: तो प्रत्येकाला नावाने हाक मारतो, ती त्याचा आवाज ओळखतात, एक हरवलं तर बाकीची नव्व्याण्णव ठेवून तो त्याला शोधायला जातो. मग सिस्टर विचारायच्या, ‘ही मेंढरं कोण असतील बरं?’ आणि उत्तर द्यायच्याच नाहीत. कुणी म्हणायचं, बाबांची असतील. कुणी म्हणायचं, त्या नव्व्याण्णवांवर लक्ष कोण ठेवतं मग? त्यावरही सिस्टर नुसत्या ‘हं’ म्हणायच्या. त्या उत्तर विसरतात, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

पुढे या विषयात शिरले तेव्हा समजलं की हे मौन मुद्दामचं होतं. सोफिया काव्हालेत्ती या बायबलच्या अभ्यासक. हिब्रू धर्मग्रंथ हा त्यांचा प्रांत, लहान मुलांशी त्यांचा काहीच संबंध नव्हता. १९५४ मध्ये रोममध्ये कुणीतरी गळ घातली म्हणून त्या मुलांना शिकवायला बसल्या, आणि मॉन्टेसरी पद्धतीत मुरलेल्या जान्ना गोब्बी यांच्यासोबत त्यांनी तीन वर्षांपासूनच्या मुलांसाठी एक वेगळंच धर्मशिक्षण उभं केलं. मेंढरं म्हणजे आपणच, हे मोठ्यांनी सांगायचं नाही, मुलाला ते आपलं आपण सापडू द्यायचं, हा त्यातला कळीचा भाग. त्यांचं आणखी एक निरीक्षण मला पटतं: या वयाची मुलं देवाकडे मागतात फार कमी, ती आभार मानतात. आमच्याही वर्गात खाण्याआधी ज्याला जे सुचेल त्याबद्दल ‘थँक यू’ म्हणायची मुभा होती. पावसाबद्दल, नव्या बुटांबद्दल, दात पडल्याबद्दल. एकाने डासांबद्दल मानले होते. सिस्टरांनी त्यालाही आमेन म्हटलं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो पेटीत बंद केलेला शब्द.

चर्चच्या वर्षाला रंग असतात आणि ते आम्ही महिन्यांच्या नावांआधी शिकलो. वाट पाहण्याच्या आणि प्रायश्चित्ताच्या काळाला जांभळा, सणांना पांढरा, पवित्र आत्म्याच्या दिवसाला लाल, आणि उरलेल्या लांबलचक साध्या दिवसांना हिरवा. वर्गातल्या छोट्या टेबलावरचं कापड त्याप्रमाणे बदलायचं आणि ते बदलण्याचा मान दर वेळी कुणा एकाला मिळायचा. ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होताना आलेलुया म्हणणं थांबतं. एरवी प्रत्येक गाण्यात येणारा हा आनंदाचा शब्द त्या काळात मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, गातच नाहीत, तो परत येतो थेट ईस्टरच्या रात्री. मोठ्यांना हे नुसतं सांगून भागतं. आमच्यासाठी सिस्टरांनी तो कापडाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिला होता आणि आम्ही कडेने रंगवला होता. तो शेवटचा एकदा घसा फोडून म्हणायचा, मग पट्टीची गुंडाळी करायची, लाकडी पेटीत ठेवायची आणि झाकण लावायचं. पेटी कपाटावर, सगळ्यांना दिसेल अशी. कुलूप नव्हतं.

हे कुलूप नसणं फार महत्त्वाचं होतं. उघडता येते पण उघडायची नाही अशी वस्तू चार वर्षांच्या मुलासमोर कित्येक आठवडे ठेवणं हा मोठा धाडसी प्रकार आहे. आमच्यातला एक जण रोज पेटीला कान लावून यायचा आणि ‘आहे अजून’ असा अहवाल द्यायचा. कुणाच्या तोंडून शब्द निसटलाच तर बाकीचे तोंडावर हात ठेवून हसायचे, सिस्टरही हसायच्या, शिक्षा नव्हती. क्रुसावरच्या मरणाची गोष्ट त्यांनी दोन वाक्यांत सांगितली, खिळे आणि रक्त यांचं वर्णन न करता, आणि लगेच रिकाम्या कबरीकडे नेलं. मला हे आजही योग्य वाटतं. ईस्टरनंतर शाळा भरली की पेटी उघडायची, आणि पट्टी बाहेर आल्यावर जो गलका व्हायचा तो शेजारच्या इमारतीत ऐकू जात असावा.

नाताळाआधीही अशीच वाट पाहणं असे, पण तिला मोजमाप होतं. हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी, दर आठवड्याला एक जास्त पेटवायची. हे कडं कॅथलिकांचं अस्सल जुनं असेल असा माझा समज होता. तसं नाही. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिक विखर्न हे प्रोटेस्टंट पाद्री गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवत होते. नाताळ किती दिवसांवर आला, असं मुलं सारखी विचारून भंडावायची. त्यांनी गाडीच्या चाकावर चार मोठ्या पांढऱ्या आणि वीस लहान लाल मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवा आणि मोजा! गणिताचा इतका चांगला पाठ मी दुसरा पाहिलेला नाही. कॅथलिक चर्चमध्ये हे कडं विसाव्या शतकात आलं.

त्याच दिवसांत रिकामी गव्हाणीही असायची. कुणाला मदत केली की गवताची एक काडी तिच्यात टाकायची, म्हणजे बाळ येशू येईल तेव्हा त्याला मऊ लागेल. ही प्रथा अनेक कॅथलिक शाळांत आहे आणि लोकांना ती फार गोड वाटते. मला तिच्याबद्दल शंका आहे. काड्या टाकायला मिळाव्यात म्हणून आम्ही एकमेकांचे बूट जबरदस्तीने काढून देत होतो. चांगुलपणा मोजायला लागलं की मुलं मोजणंच शिकतात.

भांडण झालं की ‘सॉरी’वर मात्र सुटका नव्हती. सिस्टर विचारायच्या, ‘आता त्याच्यासाठी काय करशील?’ पाडलेला मनोरा पुन्हा रचून द्यायचा, फाडलेला कागद चिकटवायचा. तेही स्वतः सुचवायचं. कितीतरी वेळ रडून झालेला मुलगा शेवटी ‘मी त्याला पाणी आणून देतो’ म्हणायचा आणि तेवढ्यावर मिटायचं.

माझ्या आईला सुरुवातीला धास्ती होती, पोरगी घरी येऊन काय काय बोलेल. तिने एकदा सिस्टरांना सरळच विचारलं. सिस्टर म्हणाल्या, मुलांचे पहिले शिक्षक तुम्ही, आम्ही नंतर. तेव्हा आईला ती साखरपेरणी वाटली होती. ते त्यांच्या चर्चचंच अधिकृत म्हणणं आहे, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या शिक्षणावरच्या १९६५ च्या जाहीरनाम्यात लिहिलेलं, हे मीच तिला पुढे दाखवलं. घरी मी बोलायचे ते भलतंच. जेवताना दात पडल्याबद्दल आभार मानायचे आणि आजी म्हणायची, मान बाई, कवळीपेक्षा बरं.

महोत्सवानिमित्त बालवर्गाला नवीन खोल्या बांधणार असं ऐकलं, म्हणून दोन विनंत्या. कपाटं मुलांच्या छातीपेक्षा उंच करू नका. आणि ओतकामाची भांडी काचेचीच ठेवा. फुटतील, फुटू द्या. प्लॅस्टिकचं भांडं आपटलं तरी काही होत नाही, मग ते दोन्ही हातांनी धरायचं कशाला? त्या भांड्यांचा दरवर्षीचा खर्च मी देईन, समितीने हिशेब तेवढा वेळेवर पाठवावा.