झिल्बरहॉर्न दुपारनंतर बघावा

स्वित्झर्लंडच्या मराठी सहलींमध्ये युंगफ्राउयोख ही रेल्वेने गाठायची बर्फातली उंच खिंड ठरलेली असते. वाटेत लाउटरब्रुनन हे दरीतलं गाव लागलं की श्टाउबबाख धबधब्यासमोर फोटो होतात आणि 'हेच ते टॉल्किनचं रिव्हेंडेल' असं कुणीतरी सांगतं. म्हणजे 'द हॉबिट' आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किनच्या गोष्टींतली एल्फ लोकांची दरी. टॉल्किनने रिव्हेंडेलचं जे चित्र रंगवलं त्यातले उभे कडे बघितले की हा तर्क पटतोही. पण टॉल्किनने स्वतः पत्रांत जे लिहून ठेवलंय ते याहून जास्त नेमकं आहे: ही दरी चढून गेल्यावरची रानं आणि झिल्बरहॉर्न हे शिखर. आणि ते रेल्वेच्या खिडकीतून दिसत नाही. (न्यूझीलंडला तो कधी गेलाच नाही. तिथे फक्त त्याच्या पुस्तकांवरचे सिनेमे झाले.)

१९११चा उन्हाळा. टॉल्किन १९ वर्षांचा, ऑक्सफर्डला जायच्या बेतात. बरोबर भाऊ हिलरी, मावशी जेन नीव आणि इतर, असा बारा जणांचा गट. पाठीवर जड ओझी, हातात नकाशा, शक्यतो सडक टाळून चाल. पुरुषमंडळी बरेचदा गवताच्या माळ्यावर नाहीतर गोठ्यात झोपत. इंटरलाकेनहून लाउटरब्रुनन, तिथून म्युरेन आणि मग दरीच्या अगदी टोकाला, हिमोढांच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या रानात. 'द हॉबिट'चा नायक बिल्बो याचा रिव्हेंडेलपासून मिस्टी माउंटन्स या डोंगररांगेच्या पलीकडे उतरेपर्यंतचा प्रवास, घसरत्या दगडांवरून पाइनच्या झाडीत झालेल्या घसरगुंडीसकट, या भटकंतीवर बेतलाय असं त्याने मुलाला पत्रात कळवलं.

म्हणून लाउटरब्रुननला उतरून गावातच थांबणं म्हणजे पायथ्याच्या गावात वडापाव खाऊन गड बघितला म्हणण्यासारखं. ही हिमनदीने कोरलेली 'यू' आकाराची दरी. तळ सपाट, बाजूचे चुनखडीचे कडे ताठ उभे. मुख्य हिमनदी खोल खणत गेली, बाजूच्या छोट्या हिमनद्यांना तेवढं खणता आलं नाही. त्यांच्या लोंबत्या दऱ्या वरच राहिल्या आणि पाणी थेट कड्यावरून पडायला लागलं. श्टाउबबाखची उडी जवळजवळ ३०० मीटरची. त्याचं पाणी हवेतच तुषार होऊन उडतं, म्हणून कोरड्या ऑगस्टमध्ये काही जण हिरमुसतात. धबधब्यांसाठी जून चांगला, बर्फ वितळत असतो. पण वरच्या वाटांवर तेव्हा तोच बर्फ पडून असतो. चालायला जुलै ते सप्टेंबर बरा.

दरीचं टोक गाठायला लाउटरब्रुननहून बसने श्टेशेलबर्गला जायचं (सुमारे ९१० मीटर). तिथून ओबरश्टाइनबर्गपर्यंत ८७० मीटर चढ, अडीच ते तीन तास. तिथल्या डोंगरी हॉटेलात वीज नाही, रात्री मेणबत्त्या. मुक्काम आधी ठरवून ठेवावा. पुढे तासाभरावर २०६५ मीटरवर ओबरहॉर्नझे हे छोटं तळं आणि भोवती हिमनदीने लोटून आणलेला दगडगोटा. सह्याद्रीत घसाऱ्यावर उतरलेल्याला बिल्बोची घसरगुंडी इथे समजावून सांगावी लागत नाही. पिवळ्या पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये नसून वेळेत दिलेलं असतं आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. आपली माणसं इथेच फसतात. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची वाट म्हणजे डोंगरवाट, पक्के बूट हवेत. पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या खुणा दिसल्या तर अनुभव आणि साहित्य नसताना परत फिरावं.

इथून टॉल्किनचा गट पूर्वेकडे वळला. क्लाइने आणि ग्रोसे या दोन्ही शायडेग खिंडी ओलांडून ग्रिंडेलवाल्ड आणि माइरिंगेन, आयगर आणि म्योंख ही शिखरं उजव्या हाताला. युंगफ्राउ शिखराच्या खांद्यावरचा झिल्बरहॉर्न (३६९५ मीटर), गडद निळ्या आकाशावर धारदार उठलेला, टॉल्किनच्या मनात कायमचा बसला. माझ्या स्वप्नातलं सिल्व्हरटाइन हेच, असं तो लिहितो. सिल्व्हरटाइन म्हणजे केलेब्डिल, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या मोरिया या भूमिगत नगरीवरच्या तीन शिखरांपैकी एक. नावाचा अर्थही तोच, रुपेरी शिंग. हे नातं खुद्द लेखकाने सांगितलेलं. आयगर म्हणजे अमुक, मॅटरहॉर्न म्हणजे तमुक, या याद्या वाचकांच्या. हौस म्हणून ठीक आहेत.

झिल्बरहॉर्नची दर्शनी बाजू वायव्येला. सकाळी म्युरेन किंवा क्लाइने शायडेगच्या वाटेवरच्या वेंगर्नआल्पहून बघितलं तर ऊन मागून येतं आणि शिखर करडं, सपाट दिसतं. उजेड दुपारनंतर चढतो, पण उन्हाळ्यात ढग आणि गडगडाटही तेव्हाच. दिवसाच्या सहलीत हे जमणं अवघड. वर एक मुक्काम केला तर बऱ्यापैकी शक्यता असते. लाउटरब्रुननहून क्लाइने शायडेग (२०६१ मीटर) हा साडेबाराशे मीटरचा चढ, चारेक तास. डिसेंबर २०२० पासून ग्रिंडेलवाल्डहून नवा रोपवे थेट युंगफ्राउयोखच्या रेल्वेवरच्या आयगरग्लेचर स्टेशनला नेतो. युंगफ्राउयोखसाठी तो सोयीचा, पण या वाटेने गेलात तर लाउटरब्रुनन आणि वेंगर्नआल्प दोन्ही चुकतात.

पुढे गट ग्रिमझेल खिंडीतून ऱ्होन नदीकाठी उतरला, मग ब्रिग, मग आलेच हिमनदी. तिथे टॉल्किन थोडक्यात वाचला. वाटाडे बरोबर होते, सगळे एका रांगेत अरुंद वाटेवर, उजवीकडे बर्फाचा उतार, डावीकडे घळ. त्या कडक उन्हाळ्यात बर्फ बराच वितळला होता आणि एरवी झाकलेले धोंडे उघडे पडले होते. ऊन चढलं तसे ते सुटून खाली यायला लागले. पुढे चालणाऱ्या वयस्क शिक्षिकेने किंचाळून उडी मारली आणि तिच्या-टॉल्किनच्या मधून एक धोंडा गेला, त्याच्या गुडघ्यांपासून जेमतेम फूटभर अंतरावरून. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये कॅरॅड्रास डोंगराच्या वाटेवर कोसळणारे दगड वाचताना हा प्रसंग आठवतोच. रात्रभर गोठलेला बर्फ दगडाला धरून ठेवतो, ऊन लागलं की सोडतो. म्हणून असे उतार पहाटेच पार करतात.

मुलाला लिहिलेलं हे पत्र मात्र पन्नासहून जास्त वर्षांनंतरचं. मुक्कामांचा क्रम नीट आठवत नाही, असं त्याने स्वतःच म्हटलंय. त्याच्या पुस्तकांतला जादूगार गँडाल्फ याचं मूळ म्हणून तो जपत असलेलं, माडलेनर या चित्रकाराच्या 'बेर्गगाइस्ट' (डोंगराचा आत्मा) चित्राचं पोस्टकार्ड याच सहलीत घेतलं, अशी समजूत बरीच वर्षं होती. ते चित्र १९२०च्या दशकातलं निघालं.